पिराजी सर बसले नाहीत

पिराजी ताटे सरांनी माझा वर्ग जवळजवळ वर्षभर सांभाळला, पण माझ्या खुर्चीवर ते एकदाही बसले नाहीत. ही गोष्ट मला पहिल्यांदा आमच्या शाळेचे शिपाई रशीदमामा यांनी सांगितली, आणि माझा काही विश्वास बसला नाही. अहो, चौथीचा वर्ग! सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंत सगळे विषय एकट्यानं घ्यायचे, वर खच्चून भरलेली पोरं. मधल्या सुट्टीत तरी माणूस बूड टेकणारच ना? रशीदमामा म्हणाले, "नै बाई. खिडकीच्या कट्ट्यावर बसतात, डबा बी तिथंच खातात. तुमच्या खुर्चीला हात लावतात तो फकस्त फडक्यानं पुसायला."

स्टाफरूममध्ये यावर बरीच हसाहशी झाली म्हणे. खुर्चीत ढेकूण असतील, कुणी नवस बोलला असेल, काय वाट्टेल ते. आमचे मुख्याध्यापक बिडवे सर थट्टेखोर. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो ताटे, बाईंची खुर्ची चावते का तुम्हाला?" त्यावर हा माणूस शांतपणे म्हणाला, "न्हाई सर. ती मॅडमची हाय. मी उभाच बराय."

माझं घर लातूरला आणि शाळा औशाला. सकाळी एसटी धरायची, संध्याकाळी एसटी धरायची, मधल्या वेळेत पोरांवर ओरडायचं, असं माझं आयुष्य मजेत चाललं होतं. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आंघोळ करताना छातीतली गाठ हाताला लागली. तपासण्या झाल्या, आणि ज्या शब्दानं माणसाच्या पायाखालची जमीन जाते तो शब्द डॉक्टरांनी उच्चारला. ऑपरेशन, मग केमो, मग पुढचं पुढं. लांब रजा टाकणं भाग होतं. अशी लांब रजा निघाली की संस्था तेवढ्या मुदतीपुरता एक शिक्षक ठेवते. रजा संपली, मूळचा माणूस हजर झाला, की त्याच दिवशी त्याचं काम संपतं. माझ्या रजेवर आलेले ते पिराजी सर.

शाळा उघडली त्या आठवड्यात वर्ग ताब्यात द्यायला म्हणून मी एक दिवस औशाला गेले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं. काटकुळा माणूस, कडक इस्त्रीचा पण कॉलरला विरलेला शर्ट, खांद्याला शबनम. तिच्यातून त्यांनी प्लास्टिकची एक साबणाची डबी काढली. मला वाटलं, आता हे हात धुवायला निघाले. डबीत खडू होते. शाळेचे खडू शाळेच्या माणसांचे, रजेवरच्या माणसानं आपले आणावेत, असा त्यांचा कायदा. कुणी शिकवला होता देव जाणे.

"याआधी कुठं होतात?" मी विचारलं.

"लई ठिकाणी मॅडम. नांदेडला दोन शाळा केल्या, मग अहमदपूर, मग उदगीर. बाळंतपणाच्या रजा जादा. कुणाकडं पाळणा हलला की माझ्या घरी चूल पेटती."

मी हसले. मग माझ्या लक्षात आलं की माझ्या घरी काही पाळणा हलणार नव्हता, आणि ते त्यांच्याही लक्षात आलं. बिचारे कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. म्हणाले, "तुमची रजा लवकर संपू द्या मॅडम." आपली नोकरी लवकर संपो असं जॉइन होण्याच्या दिवशी म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

ते मूळचे किनवट तालुक्यातले, इस्लापूरजवळच्या एका वाडीचे. डी.एड. करून कितीतरी वर्षं झालेली. बायको सुरेखा, तीही त्यांच्यासोबत गावोगाव बिऱ्हाड हलवायची आणि जिथं जाईल तिथं शिलाई मशीन मांडायची. या माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, कायमची नोकरी. एक शाळा, एक वर्ग, आपली पोरं, पहिलीत बोट धरून आणलेलं पोर चौथीत निरोप देईपर्यंत डोळ्यासमोर. आजवर त्यांनी एकही वर्ग जूनपासून एप्रिलपर्यंत सलग बघितला नव्हता. "मधीच यायचं, निकालाच्या आधी जायचं," ते म्हणायचे. "माझं पोरगं पास झालं का नापास, हे मला बाजारात त्याची आई भेटली तर कळतं." तरी माणूस आशेवर ठाम. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, आणि ते मी नंतर शंभरदा ऐकलं: "थांब्यावर उभा हाय मी मॅडम. बसलेल्याची गाडी चुकती, उभ्याची चुकत न्हाई."

ऑपरेशननंतर मी घरी पडून होते. एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, दारात पिराजी सर. आमच्या ह्यांचं गंजगोलाईत कापडाचं दुकान, माणसं ओळखायचा धंदा, आणि त्या दिवसांत डोकं कायम तापलेलं. दारातच ते म्हणाले, "काय ताटे, मोजायला आलात का? किती दिवस राहिलेत ते?"

मी आतून ऐकलं. ह्यांचा राग आला. पण खोटं कशाला बोलू, तो प्रश्न माझ्याही मनात आला होता. कारण सगळ्या औशात बोललं जात होतं, बाईंचं काही खरं नाही, ताटेंचं नशीब उघडलं. रजेवरच्या माणसानं मूळ माणसाच्या घरी जाऊ नये, वाईट दिसतं, असं त्यांना दोघातिघांनी सुनावलंही होतं.

पिराजी सर उंबऱ्याबाहेर चपला काढून तसेच उभे. म्हणाले, "न्हाई अण्णा. मॅडम भागाकार कसा शिकवतात तेवढं इचारायचं होतं."

मी आतून ओरडले, "येऊ द्या त्यांना!"

तेव्हापासून ते दर शनिवारी यायचे. पाणी प्यायचे, चहाला नाही म्हणायचे, मग प्यायचे, आणि प्रश्न विचारायचे. मॅडम, तुम्ही बाकी कशी सांगता? मी सांगायचे, भागाकार म्हणजे वाटणी. आधी घरच्यांना सारखं वाटायचं, मग वाटून जे उरलं आणि कुणालाच पुरत नाही ते शेजारणीचं, म्हणजे बाकी. मॅडम, तुम्ही चिडलात की काय म्हणता? मी म्हणते, "अरे टोणग्यांनो, कान घरी ठेवून आलात का?" ते मान डोलवायचे. पुढच्या शनिवारी येऊन सांगायचे, "म्हणलो मॅडम. पण मला तुमच्यासारखं जमंना. पोरं हसून राहिली."

शेवटी मी वैतागले. म्हटलं, "अहो, तुम्हीही मास्तर आहात. तुमच्या पद्धतीनं शिकवा की. माझी नक्कल कशाला?"

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या डी.एड.च्या पुस्तकात नाही. "मॅडम, दुसऱ्याची म्हैस दोहायला बसलं तर कासेला हिसका द्यायचा न्हाई. म्हशीला आपल्या हाताची सवय लागली तर मालकाला ती लाथ मारती. वर्गाचं बी तसंच. मी जाणार, तुम्ही येणार. पोरांनी तुम्हाला परकं नाही समजायला पाहिजे."

मला म्हैस केली का पोरांना, असं मी मुद्दाम विचारलं, तर पुन्हा कानापर्यंत लाल. आमचे हे दाराआडून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी स्वतः उठून सरांसाठी दुसरा चहा टाकला.

दिवाळीनंतर माझी तब्येत ढासळली. केस गेले ते गेलेच, तोंडात अन्नाची चव राहिली नाही, जिना चढता येईना. आरशात बघायचं मी सोडून दिलं होतं. अशात बिडवे सर भेटायला आले. माणूस वाईट नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले, आणि मग म्हणाले, "बाई, जिवापेक्षा नोकरी मोठी नाही. स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका. तुमची पेन्शन कुठं जात नाही. संस्थेचे सचिवसाहेब म्हणतात, बाईंची जागा मोकळी झाली तर ताटेंनाच कायम करू, जूनपासूनचं काम बघितलंय आम्ही. आणि त्यांचं वय निघून चाललंय. या उन्हाळ्यापर्यंत झालं तर झालं, नंतर ते अर्जालाही बसत नाहीत."

हे मला ठाऊक नव्हतं. दर शनिवारी समोर बसून भागाकार विचारणाऱ्या माणसानं या विषयाचा चकार शब्द काढला नव्हता.

मी आठवडाभर विचार केला. खरं सांगते, मला आपण वाचू असं वाटत नव्हतं. मग म्हटलं, मरणाऱ्या माणसाच्या हातून एक तरी घर उभं राहू दे. ह्यांनाही पटलं. शनिवारी सर आले तेव्हा मी उशीला टेकून बसले आणि सरळ सांगितलं, "ताटे सर, मी निवृत्ती घेतेय. जागा तुम्हाला मिळेल. सचिवांनी शब्द दिलाय. आता तरी त्या खुर्चीवर बसा."

मला वाटलं त्यांच्या डोळ्यात पाणी येईल. हातात पेढे देता आले नाहीत तरी निदान चेहरा तरी उजळेल. तर हा माणूस ताडकन उभा राहिला. त्यांना चिडलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

"मॅडम, हे माझ्या पदरात नका टाकू."

"अहो, मी स्वखुशीनं देतेय."

"तुम्ही देऊन न्हाई राहिल्या. तुमचा आजार देऊन राहिला. आजारानं दिलेली जागा मला नको."

"वेडे आहात का? वय निघून चाललंय तुमचं. सुरेखाचा तरी विचार करा!"

"तिला इचारलं मी," ते म्हणाले. म्हणजे त्यांना सगळं आधीच कळलं होतं, आणि त्या नवराबायकोचं घरी बोलूनही झालं होतं. "ती म्हणली, त्या बाई उठून बसल्या तर आपली मशीन चालतच राहील. आन् पोरांचं काय मॅडम? रोज हजेरी झाली की इचारतात, मॅडम कवा येणार. मी म्हणतो, येणार. शाळा उघडल्यापासून रोज म्हणून राहिलो. आता मीच कायम झालो तर लेकरांपुढं मी खोटारडा झालो ना?" मग जरा शांत होऊन म्हणाले, "नदी बाकी हाय मॅडम."

नदी म्हणजे आमच्या परिसर अभ्यासातला नदीचा धडा. तो मी माझ्या पद्धतीनं घ्यायचे. व्हरांड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरशीवर खडूनं मांजरा काढायची, बीडच्या डोंगरापासून थेट गोदावरीला मिळेपर्यंत. पोरं अनवाणी तिच्या काठानं चालायची, प्रत्येकानं आपापलं गाव दाखवायचं, धरणापाशी थांबायचं. शाळेत मोठ्या वर्गातली पोरं लहानांना सांगायची, चौथीत गेलास की मॅडम नदी काढतात. पिराजी सरांनी सगळे धडे घेतले होते, तेवढा ठेवला होता. मी विचारलं, का? म्हणाले, "एक धडा ठेवायचा आस्तो. प्रत्येक शाळेत ठेवतो मी. वापस येणाऱ्या माणसाच्या हाताला काय तरी लागाया पाहिजे. न्हाईतर ते वर्गात येतंय आन् त्याला वाटतंय, आपल्यावाचून सगळं झालं."

मी तेव्हा खूप चिडले होते त्यांच्यावर. मूर्ख, हट्टी, शेफारलेला माणूस, असं बरंच काही ह्यांच्यापाशी बोलले. पण रात्री झोप लागेना, आणि डोळे मिटले की व्हरांडा दिसायचा. मेले तर मेले, पण मांजरा तशीच राहील, याची मला रुखरुख लागली. हसू नका. माणूस जगायला कशाचा आधार घेईल सांगता येत नाही. मी निवृत्तीचा विषय मिटवला. जबरदस्तीनं दोन घास जास्त खाऊ लागले, गच्चीवर ह्यांचा हात धरून फेऱ्या मारू लागले. पुढची तपासणी बरी आली. तिच्या पुढची आणखी बरी आली.

वार्षिक परीक्षेच्या जरा आधी मी डोक्याला ओढणी गुंडाळून औशाच्या स्टँडवर उतरले. रशीदमामा घ्यायला आले होते, त्यांनी "या अल्ला" म्हणून आभाळाकडं हात केले. वर्गात गेले तर माझी खुर्ची जिथल्या तिथं, तिच्यावर मी शिवलेली हिरव्या खणाची गादी, धुळीचा कण नाही. पोरं आरडत ओरडत येऊन बिलगली. एकालाही मी परकी वाटले नाही. एका पोरीनं तर लगेच तक्रार केली, "मॅडम, सरांना टोणग्यांनो म्हणताच येत नाही."

त्या दिवशी मी मांजरा काढली. वाकताना दम लागत होता, तर अर्धी नदी पिराजी सरांनी काढली, मी सांगेन तशी. ती संपली, घंटा झाली, आणि मग पोरांच्या लक्षात आलं की मॅडम आल्या म्हणजे सर जाणार. रडारड सुरू झाली. सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "रडायचं काय त्याच्यात? म्हणलो होतो ना येणार. आल्या ना?" साबणाची डबी शबनममध्ये टाकली, बिडवे सरांना नमस्कार केला, आणि निघाले. मी फाटकापर्यंत गेले. काही बोलायचं ठरवलं होतं, पण नुसती रडत राहिले. ते म्हणाले, "घरी जावा मॅडम, ऊन लागंल."

त्या उन्हाळ्यात त्यांचं वय निघून गेलं. माझा जीव राहिला आणि त्यांची नोकरी गेली, आणि यातलं एक दुसऱ्यावाचून झालं नसतं. कुणी मला म्हणतं, बाई, तुमचा काय दोष? नाहीच आहे दोष. पण दर महिन्याला पगार झाला की तो त्यांचा वाटायचा, त्याचं काय करू?

पुढं ते नांदेडला गेले. मधूनमधून फोन यायचा. "मॅडम, लागलो."

"कायम?"

"न्हाई हो. बाळंतपण."

मग आम्ही दोघंही हसायचो. एकदा अपघाताची रजा, एकदा कुणाच्या तरी प्रशिक्षणाची. पुढं पुढं भरतीचं सगळं पोर्टलवर गेलं, नवी तरणी पोरं परीक्षा देऊन येऊ लागली, संस्थाही रजेवर माणूस ठेवायला कुरकुर करू लागल्या. आमचे हे एकदा दुकानाच्या कामासाठी नांदेडला निघाले तेव्हा मीही गेले. गुरुद्वाऱ्याजवळच्या हॉटेलात सर भेटायला आले. केस पांढरे झाले होते. मी रागानं म्हटलं, "काय तुमचा तो थांबा! उभ्या माणसाची गाडी चुकत नाही म्हणे. चुकली की नाही?"

"हाव," ते म्हणाले. चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पण तुम्ही चढल्या ना मॅडम."

मी निवृत्त झाले त्या सुमारास त्यांचा फोन आला. आवाजात वेगळीच उकळी. आपल्याच भागात, इस्लापूरपासून आत, एका वाडीच्या शाळेत ते लागले होते. तिथली एकुलती जागा कितीतरी दिवस भरलीच नव्हती, तेव्हा गावकऱ्यांनीच त्यांना आणून वर्गावर उभं केलं होतं. सरकारी कागदावर त्यांचं नाव नव्हतं, पण पोरं होती, फळा होता. "मॅडम, हितं कोणीच रजेवर न्हाई. जागाच खाली हाय!"

"मग आता तरी बसा खुर्चीवर, पिराजी सर."

"बघू," ते म्हणाले. "ज्याची ऑर्डर निघंल तो येईल कवातरी."

तिथं त्यांनी पहिल्यांदा जूनपासून एप्रिलपर्यंत सलग वर्ग बघितला. निकालाच्या दिवशी फोन करून एकेका पोराचं नाव घेऊन सांगितलं, हा पास, ही पास. पुढच्या वर्षीही सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस उघडल्यावर फोन आला तो सुरेखाचा. प्रार्थना झाली, सरांनी हजेरी घेतली, फळ्यावर तारीख घालायला वळले, आणि उभे होते तिथंच कोसळले. दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा माती होऊन गेली होती. सुरेखा रडत नव्हती. मला म्हणाली, "बाई, शाळा चालूच हाय बगा." मला कळेना ती काय म्हणते. कुठल्याही शाळेतला शिक्षक गेला तर शोकसभा होते, शाळा सुटते, ही आपल्याकडची रीत. पण शिक्षण खात्यातल्या वरच्या माणसानं सांगितलं होतं, ताटे हे कर्मचारी नाहीत, त्यांच्यासाठी सुट्टी देता येत नाही. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या रजा भरून काढल्या, त्याच्यासाठी शाळेला एक दिवसाची रजा मिळाली नाही. मी शाळेकडं गेले. दार उघडं होतं. पोरं आपापल्या जागी गप्प बसून होती, समोर कुणी नव्हतं. फळ्यावर अर्धीच तारीख होती.

लातूरला परत आल्यावर मला घरात करमेना. शेवटी ह्यांना म्हटलं, तिथं माणूस येईपर्यंत मी जाते. हे संतापले. "तुझे गुडघे बघ, तुझी तब्येत बघ!" मी म्हटलं, "ही तब्येत कुणामुळं आहे?" दुसऱ्या दिवशी हे दुकान बंद ठेवून स्वतः मला सोडायला आले. सुरेखाच्या घरी माझी पथारी पडली.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तर पोरं माझ्याकडं टकाटका बघत बसली. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "तुमची ऑर्डर निघाली का मॅडम? तुम्ही कायमच्या हाव का?"

"नाही गं. मी आपली मुदतीपुरती. तुमच्या सरांच्या जागेवर आलेय."

त्यावर तिनं पुस्तक उघडून माझ्यापुढं धरलं. "मंग हा धडा तुम्ही नका शिकवू. सरांनी हा कायमवाल्यासाठी ठिवलाय. म्हणले, ते आले का काढतील."

नदीचाच होता. खिडकीचा गज धरला, पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर आलाच. पोरं घाबरली. मग मी डोळे पुसले आणि त्यांना म्हटलं, चला बाहेर. शाळेपुढच्या अंगणात त्या पोरांनी आणि मी मिळून पैनगंगा काढली, सहस्रकुंडापाशी धबधबा काढला, आपापली वाडी प्रत्येकानं दाखवली. कायमच्या माणसाची वाट बघत तो धडा तसाच राहावा, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. कायमचा माणूस त्या शाळेला मिळून गेला होता.

आत आलो तेव्हा माझे गुडघे भरून आले होते. त्याच पोरीनं कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली. लाकडी, हात नसलेली, स्वच्छ पुसलेली. "बसा ना मॅडम."

"नको बाळा. ती सरांची आहे."

"पर सर तर कवाच बसले न्हाईत तिच्यावर."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. "पण आहे त्यांचीच." तिला ती जागेवर ठेवायला सांगितली, पर्समधली माझ्या खडूंची साबणाची डबी काढली, आणि अर्धी राहिलेली तारीख पुसून त्या दिवशीची तारीख घातली.